तीन कडव्यांचं तांबं

ओब्दुलियानं पाण्यात खिळा बुडवला की कुणी बोलायचं नाही, हा नियम तिच्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होता. तेव्हा ती गात असे. आणि गाणं मध्येच तुटलं, तर काबेसो बेर्मेहो गावचं किती तांबं नदीत वाहून गेलं ते देवालाही सांगता आलं नसतं.

काम म्हटलं तर सोपं. वर उतारावर खाणीतून फोडून आणलेल्या पिवळ्या दगडाचा डोंगर रचलेला. त्यावर पाणी शिंपडायचं आणि वाट बघायची. बाकीचं दगड आपणहून करतो. हवा लागली, ओल लागली की तो आतून तापतो, कुजतो, गंधकाचं आंबट सोडतो, लोखंडाचा गंज सोडतो आणि अंगातलं होतं नव्हतं ते तांबंही पाण्याच्या हवाली करतो. खाली उतरतं ते पाणी लाल वाइनसारखं. ते सहा पाटांतून खेळवायचं. पाटांत भंगार पसरलेलं: पलंगांचे पाय, पिंपांच्या कड्या, भोकं पडलेल्या कढया, आणि गावानं आजवर खाल्लेल्या सार्डिन माशांचे झाडून सगळे डबे. पाण्यातलं तांबं लोखंडावर येऊन बसतं आणि लोखंड उठून पाण्यात निघून जातं. खुर्ची एक आणि पाहुणे दोन, असा मामला. पंधरा दिवसांनी बघावं तर पलंगाचा पाय गायब, आणि त्याच्या जागी तांब्याची लाल साल.

सहाव्या पाटाच्या शेपटाशी ओब्दुलिया उभी असे. कानशीनं लख्ख घासलेला खिळा ती पाण्यात धरी आणि फांदांगोचं, म्हणजे तिकडच्या लोकगाण्याचं, एक कडवं म्हणे, पुरतं, हेलकाव्यांसकट. कडवं संपेपर्यंत खिळा पांढरा राहिला तर ठीक. लाल झाला तर पाण्यात अजून तांबं शिल्लक. मग ती वरच्या गड्यांना हाक मारी, "अरे झोपलात का मेल्यांनो? भंगार टाका! नदीला तांब्याचे दागिने घालताय का?"

एकदा खाणीच्या कचेरीनं तिला घड्याळ दिलं होतं. पाटावरच्या वाफेनं महिन्याभरात त्याचे काटे खाल्ले. ओब्दुलियानं ते घड्याळही भंगारात टाकलं. "निदान मरताना तरी उपयोगी पडलं," म्हणाली.

तिच्या आधी हे काम तिच्या बापाचं, बाल्दोमेरोचं. मुलगा नव्हता, म्हणून त्यानं नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात खिळा दिला. तेव्हापासून तिचे सगळे एप्रन चाळणीसारखे आणि आवाज पितळी घंटेसारखा. लग्नसुद्धा पाटानंच जमवलं. भंगार ओढणाऱ्या निकासियोनं एक लोखंडी कडी वाकवून अंगठी केली, पाण्यात बुडवली, आणि लाल झाल्यावर तिच्यापुढे धरली.

"ही सोन्याची नाही," तो म्हणाला.

"दिसतंय मला. आंधळी नाही मी."

"लोखंडाची आहे. वर तांबं आहे नुसतं."

"म्हणजे तुझ्यासारखीच. आण इकडे."

ती अंगठी वीस वर्षं तिच्या बोटात होती आणि वीस वर्षं ते बोट हिरवं होतं.

आता काबेसो बेर्मेहोत मे महिन्याच्या पहिल्या रविवारी क्रूसाचा सण असतो, आणि गाव दोन आळ्यांत फाटतं. वरच्या आळीचा एक क्रूस, खालच्या आळीचा एक. दोन्ही सजवून मिरवायचे. सजावटीला विकत आणलेली वस्तू चालत नाही, आपल्या आळीच्या मातीत जे मिळेल तेच लावायचं. परीक्षक कुणी नाही. संध्याकाळी चौकात दोन्ही क्रूस समोरासमोर येतात तेव्हा ज्याच्या मागे जास्त जीव चालत आलेले असतील तो जिंकला. हरलेल्या आळीच्या यजमानणीनं जिंकलेल्या क्रूसासमोर उभं राहून तीनदा "विवा!" असा जयजयकार ओरडायचा. जोरात.

वरच्या आळीला गोड्या पाण्याचा झरा होता. म्हणजे गुलाब, जिरेनियम, रोझमेरी, सगळं. खालच्या आळीच्या मातीत लाल पाणी मुरलेलं. तिथे गवतसुद्धा आधी परवानगी काढून उगवे. सलग अकरा वर्षं खालची आळी ओरडत आली होती, आणि त्या वर्षी यजमानीण होती ओब्दुलिया. वरच्या आळीची यजमानीण तिची सख्खी चुलत बहीण कासिल्दा.

"घसा शेकून ठेव हं," कासिल्दानं तिला पावाच्या दुकानात गाठून सांगितलं. "तुझा 'विवा' कसा, पार पोर्तुगालपर्यंत ऐकू गेला पाहिजे."

"माझा घसा तुझ्यासाठी नाही गं. खिळ्यासाठी आहे."

"खिळाच लाव मग क्रूसाला. दुसरं आहे काय तुमच्याकडे? दगड?"

ओब्दुलिया पाव न घेताच घरी आली. "निकासियो," ती दारातूनच ओरडली, "आपल्याकडे दगड आहेत!"

चर्चच्या उपासाचे चाळीस दिवस ती नव्या फोडलेल्या दगडांमागे हिंडली. नुकता फुटलेला पिवळा दगड पाहिलाय कधी? आतून असा चमकतो, की राजाच्या खजिन्यावर कुणी घण घातलाय असं वाटतं. कुठे घट्ट पत्रे, कुठे चौकोनी फाशांसारखे खडे. दोन पाट्या भरून खडे तिनं जमवले. ते सगळे क्रूसावर तारेनं बांधायचे, उन्हात मिरवायचे, आणि वरच्या आळीच्या गुलाबांनी तोंड लपवायचं, असा बेत. खड्यांवर धूळ होती, म्हणून तिनं ते धुतले. कशानं? खालच्या आळीत लोक तवे, दिव्यांच्या काचा आणि नवऱ्यांचे बूट ज्यानं धुतात, त्यानंच. पाटाच्या लाल पाण्यानं. डाग झरझर निघाले, खडे आरशासारखे झाले. मग आजीच्या रेशमी शालीत गुंडाळून तिनं ते पेटीत ठेवले. ही शाल समुद्रापलीकडून आलेली, तिच्यावर मोर भरलेले, आणि घरात ती फक्त बारसं, लग्न आणि मयताला बाहेर निघे. एप्रिलभर पाऊस पडला. पेटी बंद.

सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी तिनं पेटी उघडली आणि अशी किंकाळी फोडली, की निकासियो अर्धी दाढी करून धावत आला.

पेटीतून जळक्या काडेपेटीचा वास आला. सोनं गेलं होतं. खडे काळवंडलेले, आणि त्यांच्या भेगाभेगांतून पांढऱ्या, पिवळ्या, पोपटी बुरशीसारखी फुलं आलेली. काही खडे बोट लावताच भुगा झाले. ओब्दुलियानं शाल उचलली. मोरांचे पिसारे पेटीतच राहिले, हातात आली ती भोकांना धरून बसलेली थोडी दोरागुंडी.

"मोर उडाले," निकासियो म्हणाला.

"तू एक शब्द बोलू नकोस!"

"दोन बोललो."

तिनं एक खडा फडक्यात घेतला आणि तडक यूफ्रासियोमास्तरांकडे गेली. मास्तर खाणीच्या प्रयोगशाळेत दगड पारखत. काचेच्या नळ्यांमध्ये राहून राहून स्वतःही नळीसारखे झालेले. त्यांनी खडा जिभेला लावला, थुंकले, आणि आनंदानं टाळी वाजवली.

"वा! काय सुंदर सडलाय!"

"मास्तर, माझी शाल गेली, उद्या सण आहे, आणि तुम्ही वा म्हणता?"

"अगं, पाटातल्या पाण्यानं धुतलंस ना याला?"

"मग काय अत्तरानं धुवायचं होतं?"

"बस इथे. हे बघ, दगड फुटला की त्याचं नवं तोंड उघडं पडतं. ताजी जखम. मिनिटाच्या आत हवा येऊन बसते, पातळ पदर धरते. आपल्याला दिसतही नाही, अजून चमकतोच असं वाटतं. कोरडा ठेवलास तर तो पदर सावकाश जाड होतो, वर्षं लागतात. पण ओल मिळाली की दगडातलं गंधक आंबट होऊन बाहेर येतं आणि लोखंड गंज होऊन. आणि खरी गंमत पुढे आहे. हवा फक्त पहिली चुगली करते. त्यानंतर पाण्यात सुटलेला गंजच पुढच्या दगडाला चावतो. त्यातून आणखी गंज सुटतो, तो आणखी चावतो. चुगली एकदा सुटली की पहिलीची गरज उरते का?"

"कासिल्दाला विचारा."

"तू ते खडे धुतलेस म्हणजे प्रत्येक भेगेत तयार चुगली भरून ठेवलीस. आणि वरून पेटी बंद केलीस. त्या पाण्यात तर जिवंतही काहीतरी आहे. मी भिंगाखाली पाहिलंय. बारीक बारीक काड्या. गंज ताजा करून द्यायचं काम त्या करतात, आणि त्यावरच जगतात. कचेरीत सांगितलं, कुणी ऐकत नाही."

"आम्ही आळीतच राहतो मास्तर, आम्हाला माहीत आहे काहीतरी जिवंत आहे ते. हिवाळ्यात पोरं त्या ढिगाला पाठ लावून शेकतात." ओब्दुलियानं डोकं धरलं. "दगड कुजवून पोट भरते मी. तीस वर्षं! आणि माझ्याच पेटीत... दिव्याखाली अंधार तो हाच. काय करायला हवं होतं?"

"गोड्या पाण्यानं धुवायचं, खडखडीत वाळवायचं, आणि ऑलिव्हचं तेल चोळायचं. हवा बाहेर, दगड आत. दोघांची गाठच पडू द्यायची नाही."

"आता सांगताय."

"आता विचारतेस."

परत येताना ती पाटावर बसली. पाय हलवत, हिरवं बोट चोळत. अंगठीवरचं तांबं कधीच झिजून गेलं होतं, खालचं लोखंड दिसत होतं. दर सणाला निकासियो ती पुन्हा पाण्यात बुडवून देई. दर सणाला. ओब्दुलिया ताडकन उठली. इतक्या जोरात, की तिची एक चप्पल पाटात गेली.

दगड नसेना का! दगडाचं पाणी तर होतं!

खालच्या आळीचा क्रूस लोखंडी होता. बाल्दोमेरोनं तो बनवला होता, तोही पाटातून वेळेत काढलेल्या भंगारातून. पलंगाच्या पोकळ नळ्यांचा खांब, पिंपांच्या कड्या वाकवून केलेली वेलबुट्टी, आणि सार्डिनच्या डब्यांच्या पत्र्याची चोवीस लिलीची फुलं. मरता मरता वाचलेलं लोखंड, असं तो म्हणायचा. उचलायला दोन गडी लागत. बापाच्या हातची तेवढी एकच वस्तू तिच्याजवळ उरली होती, बाकी सगळं पाटानं खाल्लं होतं.

"बुडवायचा?" निकासियोनं विचारलं. "बाबांचा क्रूस? पाटात?"

"पहिल्या पाटाच्या तोंडाशी. तिथे पाणी सगळ्यात तेज आहे. तीन कडवी, बस. दोनला फिक्का राहील, चारला साल धरायला लागेल. तीन कडव्यांत असा लाल होईल, की पहाटेलाही लाज वाटेल."

"आणि चुकलं तर? तिथे टाकलेला डबा जेवणापर्यंत टिकत नाही."

"मी कधी चुकलेय?"

निकासियोनं शालीची चिंधी उचलून दाखवली.

"ते पेटीत होतं," ओब्दुलिया म्हणाली. "पाटात मी कधी चुकलेय?"

तर रविवारी सकाळी, चर्चमधली मिस्सा आटोपून नऊच्या सुमाराला, सगळी खालची आळी पहिल्या पाटाशी जमली. क्रूस दोराला बांधला, कप्पीवरून खाली सोडला, लाल पाण्यात पुरता बुडाला. दोर तारेसारखा ताणला होता. आळीनं श्वास रोखला. निकासियोनं गिटार छेडली. ओब्दुलियानं डोळे मिटले आणि पहिलं कडवं म्हटलं. मग दुसरं. तिसऱ्यासाठी तिनं तोंड उघडलं, आणि उतारावरून दुसराच आवाज आला.

"खालच्या आळीची काय गं बाग,
गंजकं पाणी, जळकं रान,
अकरा वर्षं हरूनसुद्धा
वर करून चालते मान!"

कासिल्दा! मागे वरच्या आळीच्या बारा बायका, प्रत्येकीच्या कमरेवर गोड्या पाण्याचा घडा. त्यांचा क्रूस चौकात उभा होता, फुलांवर शिंपडायला झऱ्याचं पाणी घेऊन त्या निघाल्या होत्या. सरळ वाटेनं जायचं सोडून मुद्दाम वळसा घालून आल्या होत्या, एवढं एक कडवं मारायला.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? आंदेवालोच्या या डोंगरांत माणूस घर विकेल, पण अंगावर आलेलं कडवं परत न करता राहणार नाही. उत्तर दिलं नाही तर पुढचं वर्षभर पोरंटोरं तुमच्या दारात तेच कडवं म्हणतात. ओब्दुलियानं तिसरं कडवं गिळलं, कमरेवर हात ठेवले आणि वळली.

"वरच्या आळीची फुलं गं गोड,
सकाळी हसती, दुपारी रडती,
आमच्या पाण्यात लोखंड न्हालं
तर राजवाड्याच्या कढया घडती!"

"ओले!" खालची आळी गर्जली. बारा घडे खाली टेकले. कासिल्दानं बाह्या सारल्या.

"कढया कढया मिरवू नको गं,
कढईत तुझ्या ना तेल ना डाळ,
पेटी उघडून बघते तर काय,
दगडानं खाल्ली आजीची शाल!"

"कुणी सांगितलं तुला?" ओब्दुलिया ओरडली.

निकासियो गिटारीच्या खुंट्या पिळण्यात एकाएकी फार गढून गेला.

"गाऊन विचार!" वरच्या आळीच्या बायका खिदळल्या.

"शाल गं गेली, गेली तर गेली,
भोकाभोकातून आलंय ऊन,
तुझी गं शाल धडकी आहे,
पांघरणारीच गेली सुकून!"

मग कुणी थांबतंय! दहावं कडवं झालं, पंधरावं झालं. कुणीतरी तळलेल्या पावाची परात आणली, कुणी ऑलिव्ह, कुणी बडीशेपेची दारू. यूफ्रासियोमास्तर आले, नुसते ऐकायला म्हणून, आणि विसाव्या कडव्याला ठेका धरून नाचायला लागले. कासिल्दानं ओब्दुलियाच्या कोंबड्यांवर कडवं केलं. ओब्दुलियानं कासिल्दाच्या नवऱ्याच्या घोरण्यावर केलं. नवरा हजर होता, त्यानं टाळ्या वाजवल्या. दोघी बहिणी लहानपणी एकाच खाटेवर झोपत, एकमेकींच्या झिंज्या ओढत, तशा आता एकमेकींच्या ओळी ओढत होत्या. घामाघूम, लालबुंद, आणि खरं सांगायचं तर इतक्या सुखात, की वर्षभरात तसं हसल्या नव्हत्या. जी बाई स्वतःच खाणीचं घड्याळ होती, ती सूर्य कुठे गेला ते बघायला विसरली.

एकेचाळिसावं कडवं. ओब्दुलियाची पाळी. तिनं हात उंचावला, "अगं कासिल्दा, तुझ्या गं दारी..." आणि तिची नजर दोरावर पडली.

दोर हलत होता.

सकाळी तो तारेसारखा ताणला होता. आता तो पाण्याच्या ओढीबरोबर इकडून तिकडे डुलत होता, पोरीच्या वेणीसारखा.

"ए, म्हण की पुढे!" कासिल्दा घोगऱ्या आवाजात ओरडली. "तुझ्या गं दारी काय?"

कडवं मध्येच सोडणं म्हणजे काय, ते तिथल्या कुत्र्यालाही माहीत होतं. ओब्दुलियानं एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा दोराकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदा ओळ अर्धी टाकून धावली.

"हरली!" वरची आळी किंचाळली. "हरली गं हरली!"

"ओढा!" ओब्दुलिया ओरडत होती. "निकासियो, टाक ती गिटार! बाबांचा क्रूस! ओढ रे!"

चौघांनी दोर धरला आणि सगळी ताकद लावली, आणि चौघेही उताणे पडले. कारण वर आलं त्याला वजनच नव्हतं.

क्रूस होता. पण काय क्रूस! नळ्यांना आरपार खिडक्या पडलेल्या, कड्यांची वेलबुट्टी केसाएवढी बारीक, चोवीस लिलींपैकी नऊ उरलेल्या, त्याही पाकळ्यांच्या नुसत्या शिरा. आणि सगळ्यावर लाल, मऊ, शेवाळासारखं तांबं फुललेलं. जणू कुणी लोखंडाची लेस विणून डाळिंबाच्या रसात बुडवली होती. टपटप लाल थेंब गळत होते, आणि प्रत्येक थेंबाबरोबर थोडी थोडी लेस.

"अजून खातंय," मास्तर पुढे झाले. "अंगावरचं आंबट पाणी जाईपर्यंत ते थांबणार नाही. हात लावू नका, तांबं गळून पडेल. गोडं पाणी ओता! लगेच! भरपूर!"

"गोडं पाणी कुठलं मास्तर? आमची पिंपं कालच रिकामी झाली!"

आणि मग सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या. बारा घडे. ओळीनं. काठोकाठ.

कासिल्दानं घड्यांकडे पाहिलं. वर चौकात तिचे गुलाब दुपारच्या उन्हात उभे होते, सकाळपासून तहानलेले. क्रूसाकडे पाहिलं. बाल्दोमेरोकाका तो बनवत होता तेव्हा लिलीची फुलं कापायला पत्रे कुणी धरले होते? दोन पोरींनी. एकीच्या अंगठ्यावर अजून व्रण होता. तिनं अंगठा चोखला, तशीच, आठ वर्षांची असल्यासारखी.

"बघताय काय टवळ्यांनो?" ती गरजली, म्हणजे गरजायला गेली, निघाला तो कोंबडीचा आवाज. "ओता! हळू! धारेनं!"

बारा घडे रिते झाले. पहिल्या पाण्यात लाल उतरलं, चौथ्यात नारिंगी, दहाव्यात पाणी स्वच्छ आलं. मास्तरांनी शेवटचा थेंब जिभेवर घेतला. "गोड!" म्हणाले. थेंब गळायचे थांबले. क्रूस दोराला टांगलेला, उन्हात गुलाबी, आरपार, वाऱ्यावर हलकेच किणकिणत.

"आता हवा लागेल," मास्तर म्हणाले. "तासाभरात काळवंडेल."

"हवा बाहेर, तांबं आत!" ओब्दुलिया ओरडली. "तेल आणा! पावाचं तेल, दिव्याचं तेल, असेल ते!"

तळलेल्या पावाच्या परातीतलं उरलेलं सगळं तेल, लसणासकट, क्रूसावर वरून ओघळवलं. हात लावायचा नव्हता ना. क्रूस झगमगला. आणि असा घमघमला, की निकासियोच्या पोटात कावळे ओरडले.

उचलायला दोन गडी नेहमीप्रमाणे पुढे आले. ओब्दुलियानं त्यांना कोपरानं बाजूला सारलं, खांबाला फडकं गुंडाळलं, आणि एका हातानं क्रूस उचलला. एका हातानं! ती हसायला लागली. "बाबा हलके झाले गं!" म्हणाली, आणि गिरकी घेतली. काबेसो बेर्मेहोत बाईनं क्रूस उचलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, पण तसा नियमही नव्हता. आजवर आडवं येत होतं ते फक्त वजन.

खालची आळी गात निघाली. आणि वासानं गावातली सगळी कुत्री निघाली. कुत्र्यांमागे पोरं, पोरांमागे आया, आयांमागे त्यांचं ऐकत नसलेले म्हातारे. दोन गाढवं. कुणाची तरी डुकरीण, पिल्लांसकट. ओब्दुलिया मधोमध, क्रूस डोक्यावर नाचवत, लेसमधून पडणारी उन्हाची नक्षी रस्ताभर, माणसांच्या तोंडांवर, भिंतींवर.

चौकात वरच्या आळीचा क्रूस उभा होता. गुलाबांनी माना टाकलेल्या. त्याच्यामागे उरलेले पाद्री, पाद्र्याची बहीण, आणि एक मांजर; बाकीची वरची आळी वासामागे खालच्या मिरवणुकीत मिसळलेली. नियम जीव मोजायचा होता. मोजायची गरज पडली नाही.

कासिल्दा पुढे आली. एप्रनच्या टोकानं तोंड पुसलं, पाय रोवले, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं.

आवाज नाही. एकेचाळीस कडव्यांनी घसा धुऊन नेला होता. तिनं पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा.

"हे चालणार नाही," खालच्या आळीतून कुणी म्हणालं. "अकरा वर्षं आम्ही ओरडलोय. तीनदा, आणि जोरात!"

कासिल्दा गळ्याकडे बोट दाखवून हातवारे करत होती, डोळ्यांत पाणी, आणि हसूही आवरत नव्हतं. ओब्दुलियानं क्रूस निकासियोकडे दिला, बहिणीशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिच्या खांद्यावर हात टाकला.

"तोंड तू हलव," ती म्हणाली. "आवाज मी देते. माझंही एक कडवं अर्धं राहिलंय, त्याच्या बदल्यात."

आणि स्वतःच्याच क्रूसासमोर ओब्दुलिया तीनदा ओरडली, कासिल्दाच्या उघड्या तोंडाशेजारी तोंड नेऊन, दोघींच्या वाटचं. तिसऱ्या "विवा"ला क्रूसावरची एक लिली सुटली, तरंगत खाली आली, आणि पुढच्या कुत्र्यानं ती लसणाच्या वासावर झेलून गिळून टाकली.